नंबरचा दगड

"झोप आली तर काय करता?"

नोकरीसाठी समोर बसलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला मी हा प्रश्न विचारत असे. उत्तरे ठरलेली असत. तंबाखूचा बार भरतो. तोंडावर पाणी मारतो. डोळ्यांखाली बाम लावतो. हिरवी मिरची चावतो. एकाने सांगितले की तो बायकोला फोन लावतो आणि तिला भांडायला सांगतो; एकदा ती सुरू झाली की नगर येईपर्यंत डोळा लागत नाही. बहुतेकांचे उत्तर मात्र एकच असे, आणि ते छाती पुढे काढून दिले जाई : "साहेब, आपल्याला झोप येतच नाय."

हे उत्तर देणाऱ्याला घ्यायचे नाही, असे मी ठरवले होते. गाड्या जास्त आणि ड्रायव्हर कमी अशा हंगामात हा निश्चय मोडावा लागे, हेही नोंदवले पाहिजे.

मी मूळचा वर्तमानपत्रातला, शहर पानाचा उपसंपादक. पाने कमी झाली तशी माणसेही कमी झाली, त्यांत मी होतो. वाळूजच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीला मराठी, हिंदी आणि इंग्रजीत नीट पत्र लिहू शकणारा माणूस हवा होता. रुजू झाल्यावर कळले की या कामात पत्रे थोडी आणि माणसे फार आहेत. ड्रायव्हर नेमायचे, आणि नेमलेला ड्रायव्हर ठरलेल्या तासांपेक्षा जास्त गाडी चालवत नाही ना, हे पाहायचे. ड्रायव्हर मला 'पेपरवाले साहेब' म्हणत. निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिले.

ड्रायव्हर नेमण्याची रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. आधी अवजड वाहनाचे लायसन्स आणि डोळ्यांची तपासणी. मग यार्डात परीक्षा. ती करीममामू घेत. ते आमचे यार्डप्रमुख. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी ट्रक चालवला होता, आणि गुडघे गेल्यावर ते खाली उतरले होते. उमेदवार गाडी कशी चालवतो याकडे मामूंचे फारसे लक्ष नसे. गाडीत चढण्याआधी तो काय करतो, ते पाहत. किल्ली घेऊन सरळ दार उघडणारा माणूस त्यांच्या लेखी नापास. गाडीभोवती चक्कर मारणारा, चाकांना हात लावणारा, खाली वाकून पाहणारा पास.

शेवटी जामीन. हा जामीन पैशाचा नव्हे. आमच्याकडच्या एखाद्या जुन्या माणसाने 'हा माझ्या ओळखीचा' असे म्हणायचे. पुढे त्या नव्या ड्रायव्हरला काढावे लागले, तर त्याच्या जामिनाला पुन्हा कुणासाठी शब्द टाकता येत नसे. यात नुकसान काहीच नाही. पण ड्रायव्हर लोकांत ज्याचा शब्द चालत नाही, त्याच्या शेजारी चहाला कुणी बसत नाही.

राहिले तास. दिवसाला आठ तास काम, मध्ये विश्रांती, आठवड्याला सुटी. लांबच्या मार्गावर थोडी सवलत. असा कायदा आहे आणि तो जुना आहे. महामार्ग त्याच्या भरवशावर चाललेला नाही, हे कुणालाही ढाब्यावर बसून दिसते. पण आमचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या कारखान्यांचा माल परदेशी जाऊ लागला, आणि तिकडचे खरेदीदार विचारू लागले की माल आणणाऱ्या ड्रायव्हरला झोप मिळते का. कारखान्यांनी आम्हाला विचारले. अशा रीतीने सातासमुद्रापलीकडून आमच्या ड्रायव्हरांची विचारपूस सुरू झाली, आणि प्रत्येक गाडीत एक डबी बसली. गाडी कुठे आहे आणि इंजिन चालू आहे की बंद, हे ती ऑफिसातल्या पडद्यावर दाखवी. हिरवी पट्टी म्हणजे काम. राखाडी पट्टी म्हणजे आराम.

यंत्राची समज एवढीच होती. इंजिन चालू तर काम, बंद तर आराम. ड्रायव्हरच्या दिवसात या दोन्हींत न बसणारे काही असते, हे आमच्या ध्यानात यायला विष्णू तांगडे यावा लागला.

विष्णू पाचोडजवळच्या एका गावचा. चाळिशीच्या अलीकडे पलीकडे, उंच, सावकाश बोलणारा. घरी शेती होती, ती भाऊ पाहत असे. हा मोसंबीचा ट्रक चालवायचा. यार्डातली परीक्षा देऊन तो माझ्यासमोर बसला आणि मी माझा प्रश्न विचारला.

"झोप आली तर काय करता?"

"झोपतो."

पुढे काही येईल म्हणून मी थांबलो. काही आले नाही.

"आणि माल?"

"मालबी झोपतो. त्याला कुठं ड्युटी हाय?"

दारात उभे असलेले करीममामू हसले. "लिख लो साहब. पहली बार कोई सच बोल्या."

फळाची लाईन का सोडली, असे मी विचारले.

"मोसंबी थांबत नाय साहेब. माणूस एक डाव थांबल, पण फळ नाय. तोडलं की त्याची घाई सुरू. बाजार उघडायच्या आत दिल्लीत पायजे. लई पळालो. घरी आलो की निस्ता झोपायचो. पोरीला शाळेत निबंध होता, 'माझे वडील'. तिनं लिहिलं, 'माझे वडील झोपतात.' पुढं ओळ नाय. बाईनं मंडळीला बोलावून घेतलं, म्हटल्या, आजारी हायेत का ते?"

तो हसत सांगत होता, पण फळाच्या लाईनीत परत जायचे नाही, हे त्याने त्याच दमात दोनदा सांगितले.

मग त्यानेच मला एक प्रश्न विचारला. उमेदवार सहसा पगार विचारतात. याने विचारले, "आठ तास म्हंजी कोणते आठ तास साहेब? चालवायचे का कामाचे?"

"कामाचे," मी म्हणालो. कायद्यात तसेच आहे.

"कामाचे," तो म्हणाला, आणि ते ध्यानात ठेवल्यासारखी मान हलवली.

जामीन मात्र त्याच्याकडे नव्हता. वाळूजमध्ये त्याला कुणी ओळखत नव्हते. मी मामूंकडे पाहिले.

"मेरा नाम डालो," मामू म्हणाले.

"मामू, तुम्ही याला ओळखता?"

"आज सुबू से. चढने के पहले नीचे झुक्या, पाना मांग्या और चक्के का नट कस्या. गाडी इसके बाप की थी क्या? और क्या पहचानना?"

विष्णू रुजू झाला. पहिले तीन महिने कच्चा, मग पक्का, अशी आमच्याकडची पद्धत.

काही दिवसांतच एका मोठ्या कारखान्याच्या माल गेटवरून सिक्युरिटीवाल्याचा फोन आला. हा कारखाना वाळूजमध्येच, वाहनांचे सुटे भाग बनवणारा. "साहेब, तुमचा ड्रायव्हर दगडावरून भांडायलाय. लवकर या."

मी मोटरसायकलवर गेलो. गेटबाहेर ट्रकांची रांग होती आणि रांगेच्या कडेला विष्णू हातात एक दगड घेऊन उभा होता. दगड मारण्यासाठी नव्हता. त्यावर खडूने त्याच्या गाडीचा नंबर लिहिलेला होता.

"माझा नंबर हितं होता साहेब. दगड ठेवला होता मी. ह्या समद्या गाड्या पुढं घातल्या."

"दगडाला टोकन देतेत का रे?" सिक्युरिटीवाला म्हणाला.

"आमच्याकडं देतेत!"

प्रकार असा होता. पाचोडच्या बाजूला फळ भरायला ट्रक लागतात तेव्हा ड्रायव्हर आपल्या गाडीचा नंबर एका दगडावर लिहितो आणि तो रांगेत ठेवतो. गाडी सावलीला लावतो, आत झोपतो. रांग दगडांची चालते. पुढची गाडी भरली की मागचा कुणीही पायाने सगळे दगड पुढे सरकवतो. ज्याचा दगड तोंडाशी येईल त्याला हाक मारून उठवायचे, हे मागच्या नंबरवाल्याचे काम. दुसऱ्याचा दगड मागे टाकणाऱ्याला तिथे पुन्हा माल मिळत नाही. विष्णूने इतकी वर्षे ही रीत पाळली होती, आणि ती महाराष्ट्रभर असावी अशी त्याची समजूत होती. म्हणून त्याने वाळूजच्या कारखान्यासमोर दगड ठेवला, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली गाडी लावली आणि तो झोपला. त्याच्यामागच्यांनी दगडाला वळसा घातला आणि ते पुढे गेले.

त्या दिवशी तो सर्वांत शेवटी भरला. ऑफिसात हे सांगितल्यावर सगळे हसले. मीही हसलो. विष्णूला 'दगडू' हे नाव पडले आणि त्याने ते विनातक्रार घेतले. पण दगड त्याने टाकून दिला नाही. केबिनमध्ये सीटखाली ठेवला.

हसण्यावारी नेता येणार नाही असा प्रसंग त्याचे तीन महिने भरत आले असताना घडला.

मुंबईच्या बंदराचा माल होता. विष्णू सकाळी उजाडताना त्याच गेटवर रांगेला लागला. दुपार टळून गेल्यावर त्याची गाडी आत गेली, भरली, आणि उन्हे कलताना बाहेर आली. गेटाबाहेर आल्यावर त्याने ती रस्त्याच्या कडेला घेतली, बरोबर कारखान्याच्या ऑफिसच्या खिडकीसमोर. हँडब्रेक लावला, चाकाला दगड लावला आणि तो झोपला. थोड्या वेळाने माझ्या फोनवर कारखान्याच्या मॅनेजरने पाठवलेला फोटो आला. मालाने भरलेला ट्रक, केबिनची खिडकी, आणि खिडकीतून बाहेर आलेली दोन अनवाणी पावले. खाली एकच ओळ होती : आपका ड्रायव्हर हमारे गेट पे सो रहा है.

मी विष्णूला फोन केला. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला.

"विष्णू, काय झालं? बरं नाही का?"

"बरा हाय साहेब."

"मग गाडी का थांबली?"

"तास संपले."

"अरे, अजून निघालाच नाहीस तू!"

"तुम्ही म्हटलं होतं कामाचे आठ तास. सकाळपासून हितंच हाय मी. आता डोळं मिटायलेत. घाटात मिटण्यापरीस हितं मिटलेलं बरं. तुम्हीच विचारलं होतं ना, झोप आली तर काय करतो?"

मुलाखतीत मला आवडलेले उत्तर तो मला परत देत होता. मी मामूंना सांगितले. यार्डात आराम झालेला एक ड्रायव्हर होता. मामू त्याला घेऊन गेटवर गेले, विष्णूला खाली उतरवले आणि गाडी रवाना केली. माल वेळेत पोचला. पण फोटो त्याआधी आमच्या मालकांपर्यंत पोचला होता.

मालकांना सगळे अप्पा म्हणत. त्यांनी स्वतः एका जुन्या ट्रकवर सुरुवात केली होती. जिनिंगचा कापूस वाहत वाहत ते इतक्या गाड्यांपर्यंत आले. त्यांनी मला बोलावले तेव्हा विष्णूच्या दिवसाची पट्टी पडद्यावर होती.

"बघा पेपरवाले. सकाळपासून आराम. दुपारी आराम. आन् निघायच्या वक्ताला पुन्हा आराम. मी काय आरामाला माणूस ठेवलाय का?"

"अप्पा, तो रांगेत होता."

"रांगेत म्हंजी बसूनच ना? बसून कोण थकतं? आम्ही गाडी चालवत होतो तव्हा तीन तीन दिवस..."

मालकाची आठवण अर्ध्यावर तोडू नये, हे मी एव्हाना शिकलो होतो. तीन दिवस संपल्यावर अप्पा मुद्द्यावर आले. "कच्चा आहे तवरच काढा. शनिवारी मुदत संपते."

बाहेर मामू उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. विष्णू गेला तर त्यांचा शब्दही जाणार होता. मी तसे म्हणालो तर ते चिडले. "मेरी जमानत गई तो जान दो. वो सोया कायकू, ये तो पूछो पहले!"

विष्णू यार्डात गाडी धूत होता. शनिवारचे मी त्याला सांगितले. त्याने पाइप बंद केला.

"फळाच्या व्यापाऱ्याचा कालच फोन आलता," तो म्हणाला. "म्हणतो, गाडी तयार हाय, ये. मी नाय म्हटलं." मग म्हणाला, "आता हो म्हणावं लागंल." आणि पाइप पुन्हा सुरू केला.

मी अप्पांकडे परत गेलो आणि म्हणालो, "शनिवारपर्यंत थांबा. मी एक दिवस जाऊन बसतो."

"कुठं?"

"रांगेत."

वर्तमानपत्रातली एक सवय सुटली नव्हती. जिथले भांडण आहे तिथे जाऊन पाहायचे. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी विष्णूच्या शेजारी क्लीनरच्या जागेवर बसलो. आमच्या पुढे रांग होती, मागे ती वाढत गेली. मागच्या ट्रकमध्ये जालन्याचा एक ड्रायव्हर होता. खाली उतरून त्याने मला न्याहाळले.

"ओ तांगडे, क्लीनर लई म्हातारा धरला की!"

"शिकलेला हाय," विष्णू म्हणाला. "पगार कमी घेतो."

त्या दिवशी जे पाहिले ते असे. रांग थांबलेली नसते. दर थोड्या वेळाने ती एका ट्रकच्या लांबीइतकी पुढे जाते. इंजिन सुरू करायचे, गाडी सरकवायची, बंद करायचे. क्षणभराचे इंजिन यंत्राच्या हिशेबात येत नाही. सरकायला उशीर झाला तर मागचा हॉर्न वाजवतो, आणखी उशीर झाला तर बाजूने घुसतो. गेटवरच्या भोंग्यातून गाडीचा नंबर पुकारला जातो, एकदाच. नंबर ऐकला की हेल्मेट, बूट आणि चमकणारे जाकीट घालून खिडकीवर पळायचे. कागद दाखवून परत यायचे. पुन्हा सरकायचे. पुन्हा दुसऱ्या खिडकीचा पुकारा. लघवीला जाणारा शेजारच्याला किल्ली देऊन जातो.

ऊन चढले तशी केबिन तापली. विष्णू स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे पाहत होता. तो पाहण्याखेरीज काही करत नव्हता, आणि ते थांबवूही शकत नव्हता. मी विचारले, "मध्ये पाच मिनिटं डोळे मिटता येत नाहीत?"

"मिटून बघा."

माझ्यावर तर कसली जबाबदारी नव्हती. मी मिटले. डोळा लागतो न लागतो तोच मागून असा हॉर्न झाला की डोके काचेवर आपटले. त्यानंतर चहावाला आला, मग शिट्टी, मग भोंगा. दुपारनंतर मी प्रयत्न सोडला. जेवणाचा डबा आम्ही हप्त्या-हप्त्याने खाल्ला. एक भाकरी संपेपर्यंत गाडी तीनदा सरकली.

"बाजारात असं नव्हतं," विष्णू म्हणाला. "तिथं पुढं पळापळ होती, पण भरस्तोवर झोप मिळायची. दगड राखायचा. हितं पुढचं समदं कायद्यात हाय, पण भरस्तोवर माणूस संपतो."

गाडी भरून बाहेर आली तेव्हा आदल्या वेळेसारखीच उन्हे कलली होती. विष्णूने ती कडेला घेतली. मामूंनी दुसरा ड्रायव्हर आधीच आणून ठेवला होता.

"बोला साहेब," विष्णू म्हणाला. "निघू का मुंबईला?"

मी दिवसभर नुसता बसलो होतो. पाय जमिनीवर टेकवताना मला दाराचा दांडा धरावा लागला. माझ्या हाती स्टिअरिंग असते, तर ते मी कुणाला तरी देऊन टाकले असते. ऑफिसात येऊन पडदा पाहिला. पट्टी सकाळपासून राखाडी होती. यंत्राच्या मते मीही त्या दिवशी आरामच केला होता.

शनिवारी अप्पांच्या खोलीत मी, मामू आणि विष्णू. विष्णूने इस्त्रीचा शर्ट घातला होता. जायचे झाले तर नीट जावे, असा त्याचा बेत असावा. मी पाहिलेले सगळे सांगितले, बातमी सांगतात तसे, माझे मत न घालता. शेवटी एवढेच म्हणालो, "अप्पा, यंत्र त्याला आराम म्हणतं. ते काम आहे. त्यात फक्त गाडी चालत नाही."

अप्पा विष्णूकडे वळले.

"झोपायचं होतं तर त्या मॅनेजरच्या खिडकीसमोरच कशाला रे? पुढं वळणावर झाडी आहे. तिथं लावायची. कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"वळणापतूर चालवावी लागली असती अप्पा."

मामूंनी तोंडाला रुमाल लावला. अप्पा त्याच्याकडे पाहत राहिले.

"लई शहाणा आहेस."

"नाय अप्पा. वळण आलं असतं, मग वाटलं असतं अजून थोडं, गंगापूर फाट्यापतूर. मग वाटलं असतं आता येवल्यापतूर. मला म्हाईत हाय ना मी. फळाच्या लाईनीत असंच व्हायचं. थोडं थोडं करत दिल्ली."

अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीन तीन दिवस गाडी चालवलेल्या माणसाला हे 'थोडं थोडं' समजावून सांगायला नको होते.

"त्या दगडाचं काय होतं?" त्यांनी विचारले. "हसत होते सगळे ते."

विष्णूने पाचोडची रीत सांगितली. ती संपायच्या आत अप्पा म्हणाले, "जिनिंगला आमचेबी दगड असायचे." त्यांचा आवाज बदलला होता. "माझ्या दगडावर चुन्याचा पट्टा होता. मला लिहिता येत नव्हतं धड, म्हणून पट्टा. कापसावर पडून झोपायचो मी. उठवायला यायचा मागचा." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तीन दिवस चालवायचो ते त्या झोपेवर. ते सांगायचं राहून जातं."

त्यांनी चष्मा घातला. "पक्का करा याला. आन् मामू, गाडी काढा. त्या मॅनेजरकडं जाऊ."

मॅनेजर बाहेरच्या राज्यातला, सभ्य आणि घाईतला माणूस होता. दगडांची कल्पना ऐकून त्याला आपली थट्टा होते आहे असे वाटले. आमचा प्लांट आधुनिक आहे, असे त्याने सांगितले. अप्पांनी ते मान्य केले. मग म्हणाले, "साहब, हमारा ड्रायव्हर आपके गेट पे जागता है, और आपका माल लेके घाट में सोता है. आप बताओ, कहाँ सोना अच्छा?"

मॅनेजरने खिडकीबाहेर पाहिले. तिथे रांग होती. ज्याचा दगड तोंडाशी येईल त्यालाच खिडकीवर बोलवायचे, असे महिनाभर करून पाहू, असे तो म्हणाला.

पुढचे थोडक्यात. महिन्याची मुदत कुणाला आठवली नाही. इतर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्याही दगड ठेवू लागल्या. नंबर रंगाने लिहिले गेले. एका सकाळी तोंडाच्या दगडाला शेंदूर आणि झेंडूचे फूल दिसले. शिफ्टच्या बसमधून उतरणाऱ्या कामगारांपैकी कुणीतरी वाहिले असावे. मॅनेजरने विचारले, ये कौन से भगवान हैं? मामूंनी गंभीरपणे सांगितले, "नींद के पीर हैं साहब. जागृत हैं."

यंत्राच्या कंपनीला आम्ही विनंती केली की रांगेसाठी तिसरा रंग द्या. त्यांनी कळवले की प्रणालीत दोनच रंग आहेत. म्हणून रांगेचे तास मी हाताने धरू लागलो, निदान त्या एका गेटपुरते. इतर गेटांवर माणसे जागतच राहिली. तिथे आमचा शब्द चालत नव्हता, आणि हे मी यशाच्या बाजूला मांडू शकत नाही. पुढे या कारखान्यातही नंबर फोनवर मेसेजने येऊ लागला. फूटपाथचे काम निघाले आणि दगड गेले. ड्रायव्हर आता उशाशी फोन घेऊन पडतात आणि प्रत्येक मेसेजला उठून पाहतात. दगडाला रिचार्जचे मेसेज येत नव्हते.

पण मला आठवतो तो दगडांचा पहिला दिवस. विष्णूने सीटखालचा दगड काढला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि रांगेत ठेवला. गाडी लिंबाखाली लावली. मी आणि मामू रस्त्याच्या या बाजूला चहाच्या टपरीवर बसलो होतो. थोड्या वेळाने खिडकीतून दोन पावले बाहेर आली. ट्रक भरत होते, मागचे लोक पायाने दगड सरकवत होते. विष्णूचा दगड तोंडाशी आला तेव्हा जालन्याचा तोच ड्रायव्हर रस्ता ओलांडून गेला आणि त्याने पत्र्यावर थाप मारली.

"ऊठ रे दगडू. नंबर आला तुझा."

विष्णू उठला, डोळे चोळले, खाली उतरला. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांना हात लावला आणि मग गेटाकडे निघाला. त्या संध्याकाळी तो मुंबईला स्वतः गाडी घेऊन गेला.

ऑफिसात परतल्यावर मी पडदा पाहिला. लिंबाखालच्या त्या तासांची पट्टी नेहमीसारखी राखाडी होती. यंत्राच्या दृष्टीने वेगळे काही घडले नव्हते. त्याने लिहिले होते, आराम. त्या गेटच्या रांगेत ते पहिल्यांदाच खरे होते.